विकतची फ्रेम, घरची गाडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत आणायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे घरी नाही का होणार?" सासूबाईंनी उभ्या आयुष्यात विकतचा मसाला वापरला नाही आणि त्यांच्या चिरंजीवांनी विकतचं शेल्फ. आमचे हे धायरीकडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. खिडक्यांचं ग्रिल, ओट्याखालची मांडणी, कपडे वाळत घालायची खालीवर होणारी दांडी, मुलीच्या सायकलचं कॅरिअर, सगळं ह्यांच्या हातचं. शेजारणी कौतुक करतात आणि मलाही अभिमान वाटतो. तेव्हा वन्संसाठी तीनचाकी गाडी करायची ठरली, तेव्हा तिची फ्रेम विकत आणावी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. डाव्या पायात जोर नाहीच, उजव्यात अर्धामुर्धा. कॅलिपर आणि दोन कुबड्या यांवर त्यांनी शाळा केली, बी.कॉम. केलं आणि गेली कितीतरी वर्षं शहरातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करताहेत. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. आमच्या मुलीच्या पिढीला तो शब्द फक्त डोसापुरता ठाऊक आहे. पण आधीच्या पिढीतली माणसं आपल्यातच आहेत आणि त्यांना रोज सकाळी कामावर जायचं असतं, हे आपण जरा विसरूनच गेलो आहोत.

खडकवासल्याहून शहरात जायचं म्हणजे काय, ते सिंहगड रस्त्यावरच्या मैत्रिणींना सांगायला नको. २०२१ साली आमचं गाव महापालिकेत गेलं, पण बसची पायरी काही खाली आली नाही. वन्सं आधी कुबड्या आत देत, मग दांडीला धरून स्वतःला वर ओढत आणि तोवर मागचे लोक "चला, चला" करत. रिक्षाने जावं तर पगारातला मोठा हिस्सा तिच्यातच जायचा. गेल्या वर्षी गणपतीनंतर एका संध्याकाळी त्या घरी आल्या, कॅलिपरचे पट्टे सोडले आणि म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर सोडते नोकरी."

सासूबाई म्हणाल्या, "सोड बाई. घरात काय कमी आहे तुला?"

वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला दिसत होता. माझी स्वतःची नोकरी अर्धवेळाची, आठवड्याला बारा तासांची. पण पर्समधले पैसे आपले असतात म्हणजे काय असतं, ते मला कळतं.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी जाहीर केलं, "ताईला गाडी करून देतो. घरी."

घरात बिनगियरची एक जुनी स्कूटर होती. अशा कामाला बिनगियरचीच गाडी बरी, याचं कारण साधं आहे. पूर्वीच्या चेतकला क्लच आणि गियर डाव्या हाताशी असले तरी मागचा ब्रेक पायाशी असे आणि गाडी सुरू करायला लाथ मारावी लागे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, ती बटणावर सुरू होणारी आणि गियर न बदलता चालणारी. नंतरच्या अॅक्टिव्हासारख्या गाड्यांत दोन्ही ब्रेक हातातच असतात. म्हणजे पायांचं काम उरतं ते एवढंच की गाडी थांबली की जमिनीवर टेकून तिला उभी धरायची. ते काम पायांऐवजी चाकांनी केलं की झालं. ऐकायला किती सोपं!

मला यातलं काही कळत नव्हतं, पण हे रोज जेवताना बोलत आणि मी ऐकत असे, म्हणून आता बरंच कळतं. अशी गाडी दोन तऱ्हांनी करता येते. एक, मागचं चाक काढून टाकायचं, तिथे आडवा आस घालायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं लावायची. ही खरी तीनचाकी, आपल्या रिक्षासारखी. पण वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवली तर एक घासत जातं आणि गाडी वळायला कुरकुर करते. रिक्षात त्यासाठी डिफरन्शियल असतं. दुसरी तऱ्हा म्हणजे स्कूटरचं मागचं चाक जागच्या जागी ठेवायचं, गाडी त्यानेच ओढायची, आणि दोन्ही बाजूंना आधाराची लहान चाकं फ्रेमवर बसवायची. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण लोक तिलाही तीनचाकीच म्हणतात. रस्त्यावर आपल्याला दिसतात त्या बहुतेक अशाच.

एक गंमत ह्यांच्याकडूनच कळली. आपली ऑटोरिक्षा हीसुद्धा मुळात स्कूटरचीच केलेली तीनचाकी. इटलीतल्या पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर काढली आणि दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तिचाच पुढचा भाग घेऊन मागे दोन चाकं आणि माल ठेवायला जागा अशी 'आपे' काढली. पुढे बजाजने पियाजिओच्याच परवान्यावर पुण्यात स्कूटर आणि रिक्षा केल्या. रिक्षाला स्टिअरिंगऐवजी स्कूटरचं हँडल का असतं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला होता.

तर ह्यांनी दुसरी तऱ्हा घेतली. रविवारच्या जुन्या बाजारातून दोन लहान चाकं आली, वर्कशॉपमधून लोखंडी अँगल आले आणि संध्याकाळी अंगणात वेल्डिंगचा चरचराट सुरू झाला. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावत आणि पलीकडे हे काळा चष्मा लावून ठिणग्या उडवत. पंधरा दिवसांत फ्रेम उभी राहिली. लाल रंग दिला, नारळ फोडला. आधी वन्संना न बसवता स्वतः चालवून बघण्याइतकं शहाणपण ह्यांनी दाखवलं, हे मात्र सांगायला हवं.

आमच्या गल्लीत मधोमध पाइपासाठी खणून बुजवलेला चर आहे. तिथे बाजूची दोन्ही चाकं चराच्या दोन काठांवर चढली आणि मधलं चाक खाली पोकळीत लोंबकळलं. इंजिन घूं-घूं करतंय, चाक गरगर फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही. सगळी गल्ली बघायला जमली. बाजूच्या चाकांना स्प्रिंग हवी, ती मधल्या चाकापेक्षा जास्त भार घेणारी नको, हे त्या दिवशी उमगलं. मग स्प्रिंग आल्या. तर आता गाडी डावीकडे ओढायला लागली. मुलीने आपल्या शिवणाच्या टेपने दोन्ही चाकांमधलं अंतर आधी पुढून मोजलं, मग मागून. अर्ध्या इंचाचा फरक निघाला. चाकं एकमेकांना समांतरच नव्हती.

हे खजील झाले नाहीत, उलट इरेला पेटले. वेल्डिंग केल्यावर लोखंड थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला टाका असतो तिकडे सगळा सांगाडा ओढला जातो, असं त्यांनी मला समजावलं. कारखान्यात एका साच्यात सगळे तुकडे जखडून मग जोडतात, म्हणून प्रत्येक फ्रेम सारखी निघते. घरी तो साचा नाही. "एकदा कापून परत जोडतो," म्हणाले. दसरा झाला. दिवाळी वीस दिवसांवर आली.

मीच विषय काढला. भाकरी थापता थापता म्हटलं, "अहो, फ्रेम तयार मिळते म्हणतात."

त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "मिळते. पण ताईसाठी मी बाजारातनं उचलून आणू?"

त्यावर काय बोलणार? बहिणीला लहानपणी पाठुंगळी घेऊन शाळेत नेणारा हा भाऊ. त्याच्या लेखी ती लाल फ्रेम म्हणजे नुसतं लोखंड नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. या सगळ्या महिनाभरात आम्ही तिघांनी मतं मांडली होती, शेजाऱ्यांनी मांडली होती, माझ्या माहेरच्यांनी फोनवर मांडली होती. जिने गाडीवर बसायचं तिला मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

रात्री वन्संच्या खोलीत अंथरूण घालताना मी विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे बघ, त्याला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. पण गाडी उद्या वडगावला बंद पडली तर? ती कशी जोडलीय ते फक्त त्यालाच माहीत. म्हणजे मी त्याला फोन करणार, तो काम टाकून येणार. मग बसमध्ये आणि यात फरक काय गं? मला अशी गाडी हवी, की जिचा नट कुठल्याही मेस्त्रीला लावता येईल."

माझ्या डोक्यात हा विचार कधीच आला नसता. आपण प्रेमाने करून देतो आणि त्या प्रेमाला माणूस कायमचं बांधलं जातं. स्वयंपाकघरातही हेच चालतं की नाही बघा. "माझ्या हातचंच त्यांना लागतं" असं आपण अभिमानाने सांगतो आणि मग चार दिवस माहेरी जाऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संनी स्वतःच भावाला सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी शाळेत होते. घरी आले तेव्हा लाल फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि हे कागदावर बाजारातून काय काय विचारून यायचं त्याची यादी करत होते.

पहिला प्रश्न कायद्याचा निघाला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा विचार चालला असेल तर हे नीट वाचा. गाडीत वाटेल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याची परवानगी नाही. १९८८ च्या या कायद्याच्या ५२ व्या कलमात ते सांगितलेलं आहे. पूर्वी त्यात अपंगांच्या गाडीची जी व्याख्या होती ती मुद्दाम तशीच बांधलेल्या गाडीची होती, नुसती फेरफार केलेली गाडी तीत बसत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने ती बदलली. आता मागाहून बदल केलेली गाडीही चालते, तिला 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात. पण अटी पाळून, आणि आर.सी. बुकावर त्या बदलाची नोंद करून. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. घरच्या फ्रेमला कागद कुठला आणणार? तयार फ्रेमला मात्र तपासणीचा दाखला असू शकतो. अशा तपासण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे.

'असू शकतो' म्हटलं, कारण सगळ्यांकडे नसतो. आम्ही तिघं, म्हणजे वन्संसुद्धा, दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी फ्रेम स्वस्त होती, चकचकीत होती आणि दुकानदार गोड होता. दाखला विचारला तर म्हणाला, "काही होत नाही हो ताई, अशा शेकडो फिरताहेत." वन्संनी कुबड्या उचलल्या आणि सरळ बाहेर पडल्या. दुसऱ्याने दाखल्याची प्रत आधी काढून दिली, मग फ्रेम दाखवली. किंमत पाच हजारांनी जास्त, एकूण माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. पैसे वन्संचे होते. त्यांनी पर्स उघडली तेव्हा हे दुसरीकडे बघत होते.

फ्रेम घेताना ह्यांनी जे जे तपासलं ते मी शेजारी उभी राहून बघितलं. आपल्या बायकांनाही ते सहज जमेल. वेल्डिंगचा टाका शिलाईसारखा बघायचा, एकसारखा आणि सलग हवा. मधे भोकं, कडेला खाच किंवा वरनं नुसता रंगाचा थर नको. रंगाखाली काही लपवलंय असं वाटलं तर नखाने खरवडून बघायला लाजू नये. दोन्ही चाकांतलं अंतर टेपने पुढून-मागून सारखं भरायला हवं. प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग हवी, आणि एक बाजू दाबली तर दुसरी उचलली जाता कामा नये. फ्रेम स्कूटरला नटबोल्टने बसणारी हवी, स्कूटरच्या अंगाला वेल्ड करावी लागणारी नको. बोल्ट नेहमीच्या मापाचे हवेत, म्हणजे वन्संच्या म्हणण्याप्रमाणे कुठल्याही मेस्त्रीला लावता येतील. शेवटी चाकांवरची पत्र्याची झाकणं. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड असावं, असा नियमच आहे. इथे तर दोन चाकं जादा, तीही अगदी पायांशी. पदर किंवा ओढणी अडकायला एक क्षण पुरे. त्या फ्रेमची झाकणं आखूड होती. ह्यांनी ती घरी आणून वाढवली आणि त्या दिवसापासून त्यांचा चेहरा जरा उजळला.

कारण खरं काम तर पुढेच होतं. विकतची फ्रेम सगळ्यांसाठी एकसारखी असते, वन्संच्या मापाची नसते. कुबड्या ठेवायला क्लिपा कुठे लावायच्या की बसल्या जागी हात पोचेल? डावा पाय घसरू नये म्हणून पायाखालच्या फळीला कड किती उंच हवी? पाठीला टेकण किती मागे? उभ्या गाडीचा ब्रेक दाबून ठेवायला खटका कोणता? वन्सं गाडीवर बसत, सांगत, हे खडूने खूण करत, त्या पुन्हा उतरत. टेकण तीनदा बदललं. लाल फ्रेमचे अँगल या कामी आले. मग लक्षात आलं की आमचं फाटक तीन फुटांचं आणि गाडी आता साडेतीन फूट रुंद. फाटक कापून नवं केलं. मग पायरी. उताराचा हिशेब असा आहे की एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार हवा, त्याहून उभा केला तर चाकाच्या खुर्चीलाही आणि कुबड्यांनाही धोक्याचा. आमची पायरी नऊ इंची, म्हणजे नऊ फूट. माझी अबोली आणि कर्दळ गेली. जाऊ दे.

हे सगळं चाललेलं असताना ह्यांनीच कुठेतरी वाचलेली एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बर्ट ग्रीव्हज नावाच्या इंजिनियरने आपल्या अधू चुलतभावाच्या, डेरी प्रेस्टन-कॉबच्या खुर्चीला मोटार बसवून दिली. घरचंच काम. त्यातून दोघांनी मिळून 'इन्व्हाकार' नावाची कंपनी काढली आणि पुढे तिथलं सरकार अपंगांना तसल्या फिकट निळ्या तीनचाकी गाड्या पुरवू लागलं. पुष्कळ वर्षं त्या धावल्या. २००३ मध्ये मात्र सुरक्षेच्या नव्या निकषांत बसेनात म्हणून सरकारने आपल्याकडच्या उरलेल्या गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. "म्हणजे बघ," हे म्हणाले, "भावाने केलेलीही एक दिवस कागदावर तपासावीच लागते." स्वतःची समजूत माणूस कशी घालतो! मी हसू दाबलं.

दिवाळीच्या आत गाडी उभी राहिली, पण वन्सं ती चालवत कामावर गेल्या त्या संक्रांतीनंतर. मधला वेळ आर.सी.वरच्या नोंदीत, लायसन्सच्या परीक्षेत आणि शिकण्यात गेला. ती परीक्षा त्याच गाडीवर द्यायची असते. शिकवायला ह्यांच्यासारखा दुचाकीवाला माणूस उपयोगाचा नाही, असं माझं मत झालं. स्कूटरवर आपण वळणाकडे झुकतो आणि गाडीही झुकते. ही गाडी झुकत नाही. उलट वेगात वळवली तर बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. म्हणून वळणाआधी वेग पार कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला घ्यायचं. शिवाय स्कूटरवाला खड्डा चुकवतो तो एका चाकोरीने, इथे तीन चाकोऱ्या असतात, मधलं चाक वाचलं तर डावं सापडतं. ज्याला दुचाकी येते त्याला हे सगळं विसरावं लागतं. वन्संना दुचाकी कधीच येत नव्हती, त्यामुळे त्या आमच्यापेक्षा लवकर शिकल्या.

धरणापाशी रविवारी कणसं आणि भजी खायला अख्खं पुणं लोटतं. म्हणून सराव सकाळी सहाला, तिथल्याच रिकाम्या रस्त्यावर. सासूबाई पहिल्या दिवशी शाल पांघरून आल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. लेकीला त्यांनी जन्मभर पडताना पाहिलंय, त्यांची धास्ती मी समजू शकते. वन्सं एकट्याच पाण्याच्या कडेने वळणापर्यंत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. आम्ही वाट बघतोय. दोन मिनिटं, चार मिनिटं. हे निघणारच होते तेवढ्यात गाडीचा आवाज आला. "कुठे गेली होतीस?" सासूबाईंनी विचारलं. "कुठे नाही," वन्सं म्हणाल्या, "पुढे."

आता सात महिने झाले. नोकरी सोडायचा विषय पुन्हा निघालेला नाही. चैत्रात डावीकडची स्प्रिंग कुरकुरायला लागली, ती त्यांनी ऑफिसजवळच्या मेस्त्रीकडून बदलून घेतली आणि आम्हाला रात्री जेवताना सांगितलं. हे "हं" म्हणाले आणि थोड्या वेळाने "किती घेतले त्याने?" असं विचारलं.

सध्या घरात वाद आहे तो पावसाचा. ह्यांच्या डोक्यात गाडीला छत करायचं आहे, ताडपत्रीचं माप कागदावर काढूनही झालंय. वन्सं म्हणतात, वारा भरला तर गाडी हलेल आणि पुन्हा आर.टी.ओ.च्या फेऱ्या कोण घालणार? त्यांनी लाल रंगाचा एक लांब रेनकोट आणलाय. ह्यांनी त्याला मागून कातर लावून कुबड्यांसाठी दोन चिरा पाडल्या आणि मी त्यांना काल रात्री गोट घातला.